हात न उचलण्याची शाळा

दोन्ही हात पुढे करायचे, मनगटे जुळवायची आणि शेजारच्या माणसाने ती बांधायची. मग तशाच बांधल्या हातांनी पोलिसांच्या रांगेकडे चालत जायचे. जानेवारी १९९१ च्या थंडीत गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीवर, फेरकुवा गावाजवळ, नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाविरुद्ध माणसे अशी तुकड्या-तुकड्यांनी निघत होती. त्यांत निमाडचे शेतकरी होते, अलिराजपूरकडचे भिल-भिलाले होते आणि सातपुड्याच्या आपल्या बाजूचे, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतले पावरा, वसावे, तडवीही होते. तोंडी घोषणा एकच : 'हमला चाहे जैसा होगा, हाथ हमारा नहीं उठेगा.'

ही घोषणा बिहारमधून आलेली. ८ एप्रिल १९७४ रोजी जयप्रकाश नारायणांनी पाटण्यात मूक मिरवणूक काढली, तेव्हा लोकांनी तोंडाला पट्ट्या बांधल्या होत्या आणि हात पाठीमागे धरले होते. त्या आंदोलनात ही घोषणा घुमली. सतरा वर्षांनी ती नर्मदेकाठच्या माणसांनी उचलली, तेव्हा पाठीमागे धरलेले हात सरळ बांधूनच घेतले गेले. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्या घरात भिंतीला तीरकामठा टांगलेला असतो, रानात जाताना ज्याच्याजवळ कुऱ्हाड असतेच, त्या माणसाने गर्दीत, ढकलाढकलीत, समोरून लाठी येत असताना हात आवरायचा म्हणजे काय, हे घरात बसून कळणार नाही. राग येणारच आहे, हे धरून चालूनच ते हात बांधले होते.

अक्राणी आणि अक्कलकुवा आज ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहेत, तो त्या वेळी वेगळा जिल्हा नव्हता. धुळ्यातून तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. पण सातपुड्यातल्या ज्या तरुण पोरांनी फेरकुव्याला ही शिस्त पाहिली आणि पाळली, त्यांच्याच गावांत पुढच्या वर्ष-दीड वर्षात एक शाळा उभी राहिली. तिचे नाव जीवनशाळा. अहिंसा हा विषय तिच्या वेळापत्रकात कधी नव्हता. तरीही महाराष्ट्रात तरुण मुलांना अहिंसेचे शिक्षण एखाद्या समाजाने स्वतःच्या हिमतीवर दिल्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

या भागाला ही शिकवण अगदीच नवी होती असेही नाही. १९३७-३८ साली तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांच्या आरतीला डोंगरातून हजारो आदिवासी उतरत. दारू सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा, एकमेकांना मान द्या, एवढेच सांगणे. योगायोग असा की ऑक्टोबर १९३७ मध्येच वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. वर्ध्यात ठराव झाले, इकडे एक माणूस आरती म्हणवून घेत होता. दोघांचीही धडपड एकाच दिशेने, माणसाने आधी स्वतःला घडवावे अशी. गुलाम महाराजांच्या मागे त्यांचे बंधू रामदास महाराजांनी हा पंथ चालवला आणि २ मार्च १९४३ रोजी रावलापाणीच्या डोंगरात त्यांच्या अनुयायांवर इंग्रज सरकारच्या फौजेने गोळ्या झाडल्या. त्याच्या सहाच महिने आधी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबार शहरात शाळकरी मुलांची तिरंगी मिरवणूक अडवली गेली होती. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण तिथे गोळीबारात गेले. शिरीषकुमार सोळाव्या वर्षात होता. मिरवणुकीतल्या मुलींवर रोखलेली बंदूक त्याने स्वतःच्या छातीकडे वळवून घेतली, असे नंदुरबारमध्ये आजही सांगतात. शहरातल्या व्यापारी घरातला तो मुलगा आणि डोंगरातले ते भाविक एकमेकांना ओळखतही नसतील. पण दोन्हीकडे समोरच्याच्या हातात बंदूक होती आणि यांच्या हातात काही नव्हते.

मग शहादा. १९७० च्या सुमारास इथल्या भिल शेतमजुरांच्या जमिनी सावकारांनी आणि मोठ्या बागायतदारांनी गिळल्या होत्या. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती भजने म्हणत गावोगाव फिरत आणि भजन संपले की माणसांशी बोलत. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्याच्या वादातून आदिवासींवर बंदुका चालल्या आणि सारा महाराष्ट्र हादरला. सर्वोदयाचे कार्यकर्ते तिथे आधीपासून होते. त्यांच्या जोडीला शहरांतून शिकलेले तरुण आले. इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर, पुढे कादंबरीकार म्हणून ओळखले गेलेले दीनानाथ मनोहर. वाहरू सोनवणे तर त्याच मातीतले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गावागावांत तरुण मंडळे निघाली. रात्री कंदिलाच्या उजेडात मजुरीचा हिशेब, जमिनीचे कागद, सालदाराचे हक्क शिकवले जात. बायकांची शिबिरे झाली आणि शिबिरातून परतलेल्या बायकांनी दारूची मडकी फोडली. हा लढा सर्वस्वी गांधीमार्गी होता असे म्हणणे खोटे ठरेल, त्यात मार्क्स वाचलेली मंडळी होती आणि तिचा रस्ता पुढे वेगळा झाला. परंतु एक गोष्ट शहाद्याने जिल्ह्याला दिली : पोरांना शहाणे करायचे तर सरकारी शाळेची वाट पाहत बसायचे नाही, आपणच रात्री कंदील लावायचा.

शहादा सपाटीवर आहे. नर्मदेचा काठ तिथून दोन डोंगररांगा पलीकडे. तिथली गोष्ट निराळी.

सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली तेहेतीस गावे जाणार होती, नऊ अक्कलकुवा तालुक्यातली आणि चोवीस अक्राणीतली. मध्य प्रदेशातली १९३ आणि गुजरातची १९ धरली तर एकूण २४५. आपल्याकडचे पहिले गाव मणिबेली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ तिथलेच, ते १९९४ मध्ये पाण्याखाली गेले. १९८५ नंतर मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी या गावांतून पायी हिंडू लागले, तेव्हा त्यांना आढळले की काही गावांत शाळा आहेत, पण कागदावर. मास्तर झेंडावंदनाला उगवायचे आणि बाकीचे वर्ष शाळा हजेरीपटात भरायची. रस्ता नाही, दिवा नाही, दवाखाना नाही. स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाली तरी सरकार नावाची वस्तू तिथे पहिल्यांदा ठसठशीत दिसली ती मोजणीच्या खुंट्या घेऊन आली तेव्हा.

फेरकुव्यापर्यंत आलेल्या त्या माणसांची यात्रा २५ डिसेंबर १९९० रोजी बडवाणीजवळच्या राजघाटावरून निघाली होती. बाबा आमटे त्या वेळी वरोऱ्याचे आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला आले होते, तेही यात्रेत होते. गुजरात पोलिसांनी हद्दीवर अडवले. ७ जानेवारीला मेधाताई आणि काही साथींनी उपोषण सुरू केले आणि २८ जानेवारीला, बाविसाव्या दिवशी ते थांबवले. हाती सरकारचे ठोस आश्वासन नव्हते. ज्याला पराभवच म्हणावे अशा अवस्थेत माणसे घरी परतली. परतताना त्यांनी ठरवले, 'हमारे गाँव में हमारा राज'. मोजणीवाल्यांना गावात येऊ द्यायचे नाही, आणि जे सरकारने केले नाही ते आपण करायचे.

फेरकुवा आणि जीवनशाळा यांच्यामधला दुवा हा आहे, म्हणून तो नीट सांगतो. नुसते 'नाही' म्हणत राहिलेले आंदोलन तरुण पोरांना फार काळ धरून ठेवू शकत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला अंगातली ताकद कुठेतरी लावायची असते. दगड उचलायचा नाही असे त्याला सांगता, तर मग काय उचलायचे तेही सांगायला हवे. सातपुड्याने त्याच्या हातात सागाचा खांब दिला, बांबू दिला, शेणामातीची पाटी दिली. १९९१-९२ मध्ये चिमलखेडी आणि निमगव्हाण या दोन गावांत पहिल्या जीवनशाळा श्रमदानातून उभ्या राहिल्या. गावातल्या घरासारखेच घर : कुडाची भिंत, शेणाने सारवलेली जमीन, वर कौले. पाडे लांबलांब विखुरलेले, मध्ये नाले, म्हणून शाळा निवासी. लाकूड, बांबू, धान्य गावकऱ्यांचे. मीठ-मिरची, पाट्या-पुस्तके शहरांतल्या समर्थकांनी पोहोचवायची. अनुदान नाही.

गुरुजी गावचेच. कुणी सातवी झालेला, कुणी दहावीपर्यंत पोहोचलेला. शहरातल्या शिक्षणतज्ज्ञाला यात उणीव दिसेल. पण पावरी किंवा भिलोरीशिवाय दुसरे काही न कळणाऱ्या सहा वर्षांच्या पोरासमोर पदवीधर मास्तर उभा केला आणि तो 'बदक' म्हणाला, तर पोराला बदक कळत नाही आणि मास्तरही. इथे सुरुवात घरच्या बोलीतून, मग हळूहळू मराठी. गावातले जुनेजाणते येऊन गोष्टी सांगत. कोणत्या झाडाची साल कशावर लावायची, कोणता कंद उकडल्याशिवाय खायचा नाही, हेही अभ्यासात. आणि चौथीला सरकारी परीक्षा, इतर मुलांसारखीच.

मुले एकमेकांना आणि आल्यागेल्याला 'जिंदाबाद' म्हणतात. नर्मदेच्या खोऱ्यात हा रामराम झाला आहे. मूठ वळून, हात वर करून, हसत म्हटलेले 'जिंदाबाद'. मोर्चातला शब्द दारातला झाला. सहा वर्षांची पोर नाक पुसत पुसत तो उच्चारते, तेव्हा तिच्या मुठीत कुणाविषयी राग नसतो. मूठ वळायला शिकवायची आणि ती कुणावर उगारायची नाही हेही त्याच श्वासात शिकवायचे, हे या शाळांनी किती सहज केले याचे मला नवल वाटत आले आहे.

कसे केले? एक तर भांडणे. चाळीस-पन्नास मुले एका छपराखाली राहतात तिथे रोज भांडण आहेच. डोंगरातल्या गावांत पंच बसून तंटा मिटवायची जुनी रीत आहे. दोन्ही बाजू बसतात, बोलून बोलून थकतात, आणि उठताना काहीतरी ठरलेले असते. मुले ती रीत घरात पाहतच वाढलेली. दुसरे म्हणजे कामाच्या पाळ्या. झाडणे, पाणी आणणे, भाकरी वाढणे, बाग सांभाळणे. ज्याच्याशी सकाळी मारामारी केली त्याच्याच हातची भाकर दुपारी खायची आहे, हे मुलाला व्याख्यानापेक्षा लवकर समजते. आणि तिसरे, सर्वांत मोठे, म्हणजे मोठी माणसे. दर पावसाळ्यात आईबाप, काका, मावशी वाढत्या पाण्यात घर न सोडता बसलेले मुलांनी पाहिले. पोलीस येतात, उचलून नेतात, बाप हात उगारत नाही, आठ दिवसांनी सुटून परत येतो आणि त्याच जागी बसतो. 'लड़ाई पढ़ाई साथ-साथ' ही जीवनशाळेची घोषणा होती, आणि यातली लढाई मुलांच्या लेखी हीच होती.

यावर टीका झाली आणि ती टाळून पुढे जाणे बरे नाही. मुलांना आंदोलनात कशाला ओढता, असे अनेक भल्या माणसांनीही विचारले. प्रश्न रास्त आहे. शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलाला कुणी मोर्चात नेले तर मीही विचारीन. पण ज्याच्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागले आहे, त्या मुलाला आंदोलनाबाहेर ठेवायचे कुठे? जीवनशाळांच्या इमारतीसुद्धा बुडितात आल्या आणि शाळा उंचावर पुन्हा बांधाव्या लागल्या. त्या मुलापुढे प्रश्न आला तो त्याच्या दारात. मोठ्यांनी त्याला उत्तर द्यायची एक पद्धत शिकवली, आणि ती दगडाची नव्हती.

कसोटी लवकरच आली. मार्च १९९३ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी दिलेल्या ४५ कोटी डॉलरच्या कर्जाचा उरलेला भाग भारत सरकारने नाकारला. त्याआधी जून १९९२ मध्ये ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने प्रकल्पावर कडक ठपका ठेवलाच होता. जगात आंदोलनाची वाहवा होत होती. अक्राणीच्या डोंगरात मात्र मोजणीची पथके पोलीस घेऊन फिरतच होती. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी चिंचखेडीला पोलिसांनी गोळीबार केला आणि रेहमल पुन्या वसावे हा मुलगा ठार झाला. वय पंधरा. नंदुरबारच्या चौकातल्या शिरीषकुमारच्याच वयाचा. एकाच्या नावाने शहरात स्मारक आहे, त्याच्याविषयी पुस्तकात धडे आहेत. दुसऱ्याचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला माहीत नाही. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या १९९५ च्या 'अ नर्मदा डायरी' या माहितीपटाने तो काळ चित्रित करून ठेवला, म्हणून निदान तेवढे राहिले.

रेहमल गेला तेव्हा त्या डोंगरात काय होऊ शकले असते याचा विचार करा. वाटा फक्त गावकऱ्यांना ठाऊक, जंगल त्यांचे, घरोघरी तीरकामठे, आणि पंधरा वर्षांचे पोर मारले गेलेले. देशात अशाच भूगोलात, अशाच अन्यायातून बंदुकीचे राज्य उभे राहिलेले आपण पाहिले आहे, फार लांब जायला नको, गडचिरोली याच महाराष्ट्रात आहे. नर्मदेकाठी ते झाले नाही. लोकांनी मोर्चे काढले, चौकशी मागितली, न्यायालयात गेले आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घरात बसले. याचे श्रेय नेत्यांना द्यावे तेवढे थोडे आहे. पण रागाने पेटलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला प्रत्येक पाड्यावर रात्री अडवायला नेता नसतो. तिथे त्याची आई असते, गुरुजी असतो आणि फेरकुव्याला हात बांधून गेलेला त्याचा थोरला भाऊ असतो.

१९९९ च्या पावसाळ्यात डोमखेडीला सत्याग्रही छातीपर्यंत, गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. पोलिसांनी त्यांना पाण्यातून उचलून नेले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरणाचे काम पुढे न्यायला मुभा दिली. इतक्या वर्षांच्या शिस्तीला मिळालेले हे उत्तर पाहून पोरांचा अहिंसेवरचा विश्वास उडाला असता तर त्यांना दोष देता आला नसता. त्यांनी काय केले? अक्राणीतल्या बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर पंधरा किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प बांधला. केरळचे दोन तरुण अभियंते सोबत होते, श्रमदान गावकऱ्यांचे आणि जीवनशाळेच्या मुलांचेही. २००३ मध्ये पाड्यांवर आणि शाळेत दिवे लागले. ज्या नदीच्या विजेसाठी त्यांची घरे बुडवली जात होती, तिच्या खोऱ्यातल्या एका ओढ्याने त्यांना पहिला दिवा दिला. २००६ च्या पुरात तो प्रकल्प वाहून गेला. तीन वर्षे मिळाली, पण त्या तीन वर्षांत मुले दिव्याखाली वाचत होती.

धरण १३८.६८ मीटर उंचीचे झाले आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. महाराष्ट्रातल्या विस्थापितांसाठी तळोद्याच्या जंगलाची २,७०० हेक्टर जमीन १९९० मध्ये आणि पुढे आणखी १,५०० हेक्टर मोकळी करण्यात आली. ती आपोआप मिळाली नाही, आणि मिळालेल्या प्रत्येक एकरामागे कुणीतरी कचेरीच्या पायरीवर घालवलेले दिवस आहेत. काही कुटुंबे सोमावळ, रेवानगर, जीवननगर अशा वसाहतींत उतरली, काही डोंगरावरच राहिली. शाळाही तशाच विभागल्या, काही वरच्या टेकडीवर, एखादी वसाहतीत. दरवर्षी सगळ्या जीवनशाळांचा बालमेळा भरतो. मुले नाटके करतात, धावतात, गातात. डोंगर चढून-उतरून पाय घडलेली ही पोरे शर्यतीत कुणाला ऐकत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४.३८ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी, महाराष्ट्राची ८२.३४. हा आकडा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेला असतो, आणि नंदुरबार म्हटले की कुपोषण आणि निरक्षरता एवढेच आठवते. त्याच जिल्ह्याने या राज्याला तरुणांना अहिंसा कशी शिकवावी याचा तीस वर्षांचा धडा दिला आहे, हे आपल्या एकाही शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकात असायला हवे तितके ठळकपणे आलेले नाही. ते यावे. रेहमल वसावेचे नावही शिरीषकुमारच्या शेजारी यावे, दोघांचे वय सारखे आहे आणि जिल्हाही एकच.

निमगव्हाण-चिमलखेडीच्या पहिल्या वर्गात जी मुले पाटी घेऊन बसली, ती आता चाळिशीकडे आली आहेत. जीवनशाळेतून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण पुढे त्याच शाळांत गुरुजी झाले.